कागद संपला की काटा का गोठतो?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात प्रोसेस, म्हणजे मशीनवर चालू असलेला प्रोग्राम, यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: या प्रोसेस एकमेकींशी बोलतात कशा? त्यातही मेसेज क्यूवर (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळतो ती निरोपांची रांग) एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलेलाच नाही. वाय-फायच्या तक्रारी पाठवणाऱ्यांनी महिनाभर दम धरावा. कुपवाडला माझं वजनकाट्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं वर्कशॉप आहे आणि गळीत हंगाम तोंडावर आहे. त्यामुळे उत्तरांत काटा, इंडिकेटर (काट्याचं वजन आकड्यात देणारा डबा), पावती हेच जास्त येणार, त्याला इलाज नाही.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाईप झाला, फिफो (नाव दिलेला पाईप) झाला, आता मेसेज क्यू चालू आहे. तिन्हींत एका प्रोसेसने टाकायचं आणि दुसरीने काढायचं. फरकाचा तक्ता पाठ आहे, पण पाईपने काम होत असताना कर्नलमध्ये हा आणखी एक प्रकार कशाला ठेवला ते काही कळलं नाही.
— विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर: तक्ता मिटून ठेव आणि एक प्रयोग कर. पाईपमध्ये एका प्रोसेसने "भरलेली १८४२०" असं लिहायचं आणि लगेच "रिकामी ६३१०" असं लिहायचं. वाचणारीला सेकंदभर झोपव आणि मग मोठा बफर (वाचलेलं ठेवायची जागा) देऊन एकदाच वाचायला सांग. तिच्या हातात "भरलेली १८४२०रिकामी ६३१०" असं सलग येईल. बफर दहा बाइटचा दिलास तर आणखी गंमत. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, म्हणजे भ, र, ल एवढं मिळेल आणि पुढच्या मात्रेचा फक्त लचका. तू दोन निरोप दिलेस हे पाईपला ठाऊकच नाही, त्याला नुसते एकामागून एक येणारे बाइट दिसतात. निरोप वेगळे करायचे तर लांबी आधी लिहा किंवा शेवटी खूण टाका, आणि वाचणाऱ्या बाजूला तुकडे जोडत बसा. हे सगळं तुलाच करावं लागतं.

मेसेज क्यूत एक एमएसजी-रिसीव्ह (निरोप घ्यायचं फंक्शन) केलं की एक निरोप, अख्खा. तुझा बफर लहान पडला तर कर्नल 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' अशी एरर देतो आणि निरोप जागच्या जागी राहतो. (एमएसजी-नोएरर हा फ्लॅग लावलास तर मात्र बसेल तेवढा देतो आणि बाकीचा फेकून देतो. तो फ्लॅग मी तरी कधी लावत नाही.)

दुसरी गोष्ट, सिस्टीम फाइव्ह (युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची एक आवृत्ती) क्यूत प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर एक धन पूर्णांक असतो, त्याचा टाइप. घेणारीने शून्य मागितलं तर सगळ्यात जुना निरोप मिळतो. ५ मागितलं तर पाच टाइपचा पहिला निरोप मिळतो, मग त्याच्यापुढे दुसरे कितीही असोत. वजा ५ मागितलं तर पाच किंवा त्याखालच्या टाइपांत जो सगळ्यात लहान असेल तो आधी. एकाच क्यूवर तीन-चार प्रोसेसना आपापला माल उचलता येतो तो यामुळे. पाईपमधून मधलंच काही उचलता येत नाही.

हे आलं कुठून तेही सांगते, कारण त्यावरून रचना समजते. पाईप युनिक्समध्ये १९७३ साली आला. कल्पना डग मॅकिलरॉय यांची, लिहिला केन थॉम्प्सन यांनी. एका कमांडचं आउटपुट दुसरीच्या तोंडात, एवढाच त्याचा हेतू. मेसेज क्यूचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या कोलंबस इथल्या शाखेत आहे. टेलिफोन यंत्रणा सांभाळणारी सॉफ्टवेअर तिथे युनिक्सवर चालायची आणि त्यांना वेगवेगळ्या वेळी सुरू होणाऱ्या, आपसांत नातं नसलेल्या प्रोसेसमध्ये देवाणघेवाण हवी होती. तिथलं हे काम पुढे १९८३ च्या सिस्टीम फाइव्हमध्ये सगळ्यांसाठी आलं. म्हणून तर टाकणारी प्रोसेस टाकून निघून गेली आणि घेणारी तासाभराने जन्माला आली तरी निरोप मिळतो. क्यू कर्नलची असते, प्रोसेसची नसते.

आता तक्त्यात बहुधा नसेल ते. पाईपच्या पलीकडची वाचणारी मेली तर लिहिणारीला सिगपाईप सिग्नल येतो, आणि तो हाताळला नाही तर तीही मरते. क्रूर वाटतं, पण बातमी तरी लागते. मेसेज क्यूत घेणारी मेली तर टाकणारीला कुणीही काही सांगत नाही. ती टाकत राहते. त्यातून काय होतं ते पुढच्या पत्रात वाच.

प्रश्न: ताई, नमस्कार. एका साखर कारखान्याच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. लिनक्स मशीन आहे. वजनाचा प्रोग्राम सिरियल पोर्टवरून इंडिकेटर वाचतो, सेकंदाला एकदा १२८ बाइटचा संदेश मेसेज क्यूत टाकतो आणि बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेलाही तोच आकडा देतो. पावतीचा प्रोग्राम क्यूतून वजन घेतो, ऑपरेटरने बटण दाबलं की डेटाबेसात नोंद करतो आणि थेट प्रिंटरच्या डिव्हाइस फाइलवर पावती छापतो. रात्रपाळीत प्रिंटरचा कागद संपला की दोनेक मिनिटांत बाहेरच्या डिस्प्लेवरचा आकडा गोठतो. गाडी खाली उतरली तरी आकडा तोच. गाडीवान म्हणतात काटा मारला, आणि भांडणं होतात. वजनाचा प्रोग्राम बंद करून चालू केला तर लगेच परत अडकतो. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं ठीक. कागदाचा आणि वजनाचा संबंध काय? क्यू मोठी करू का?
— सॉफ्टवेअर ऑपरेटर, सांगली जिल्हा

उत्तर: पत्र फार चांगलं लिहिलंय. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

लिनक्समध्ये सिस्टीम फाइव्ह क्यूला नेमून दिलेली जागा १६,३८४ बाइट असते. तुमचा संदेश १२८ बाइटचा. भागाकार केला की बरोबर १२८ संदेश. सेकंदाला एक टाकता, म्हणजे घेणारं कुणी नसेल तर २ मिनिटं ८ सेकंदांत क्यू तुडुंब. तुम्ही लिहिलंय "दोनेक मिनिटांत". आता साखळी बघा. कागद संपला की प्रिंटरच्या डिव्हाइस फाइलवरचं राइट परत येत नाही, त्यामुळे पावतीचा प्रोग्राम तिथेच थिजतो. तो थिजला की क्यूतून काढणारं कुणी राहिलं नाही. क्यू भरली की एमएसजी-सेंड करणाऱ्या तुमच्या वजनाच्या प्रोग्रामला कर्नल झोपवतो आणि जागा झाली की उठवीन म्हणतो. झोपलेला प्रोग्राम सिरियल पोर्ट वाचत नाही, डिस्प्लेला नवा आकडा देत नाही. प्रिंटरचा कागद आणि बाहेरचा डिस्प्ले यांचा संबंध एवढाच आहे: मध्ये एक भरलेली क्यू.

पुढच्या वेळी गोठलं की मशीनला हात लावण्याआधी टर्मिनलवर आयपीसीएस ही कमांड हायफन क्यू लावून मारा. 'की', एमएसक्यूआयडी, ओनर, पर्म्स अशा रकान्यांच्या शेवटी यूज्ड-बाइट्स आणि मेसेजेस असे दोन रकाने आहेत. पहिल्याखाली १६३८४ आणि दुसऱ्याखाली १२८ दिसले तर माझं म्हणणं खरं. त्याच कमांडला हायफन क्यू आणि हायफन पी लावलंत तर शेवटी टाकणाऱ्या आणि शेवटी घेणाऱ्या प्रोसेसचे नंबर मिळतात. मग टॉप या कमांडमध्ये वजनाचा प्रोग्राम शोधा. अवस्था एस (झोपलेला), सीपीयू शून्य टक्के. लूपमध्ये अडकलेला प्रोग्राम सीपीयू खातो, झोपवलेला खात नाही, हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढची निम्मी दुखणी लांबूनच ओळखता येतात.

रीस्टार्टने का सुटतं तेही यातच आलं. क्यू कर्नलच्या मेमरीत असते. प्रोग्राम मारलात तरी ती भरलेलीच राहते, म्हणून नवा प्रोग्राम पहिल्याच संदेशाला परत झोपतो. मशीन बंद झालं की कर्नलच गेला, त्याबरोबर क्यू गेली आणि आतले १२८ संदेशही गेले. नुसती क्यू काढायची तर आयपीसीआरएम आहे. त्याने क्यू उडवली की तिच्यावर वाट बघत झोपलेल्या सगळ्या प्रोसेस 'आयडेंटिफायर रिमूव्ह्ड' ही एरर घेऊन जाग्या होतात. तुमचा प्रोग्राम ती एरर हाताळतो का ते आधी बघा.

आता "क्यू मोठी करू का?" करता येते. कर्नलची एमएसजीएमएनबी ही मर्यादा रूट (मशीनचा मुख्य युजर) होऊन वाढवा, एमएसजी-कंट्रोलने त्या क्यूची जागा बदला. समजा ६५,५३६ बाइट केली. दोन मिनिटांऐवजी साडेआठ मिनिटांनी गोठेल. रात्री अडीच वाजता कागद संपला तर ऑपरेटर साडेआठ मिनिटांत येईलच याची खात्री तुम्ही देत असाल तर करा.

खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते भांडणापेक्षा वाईट आहे. कागद घातल्यावर काय होतं ते बघितलंत का? पावतीचा प्रोग्राम जागा होतो आणि क्यूतून काढू लागतो. पहिल्यांदा कोणते संदेश येणार? कागद संपला त्या वेळचे. काट्यावर आता दुसरी गाडी उभी आहे आणि प्रोग्रामच्या हातात आधीच्या गाडीची वजनं. तो भराभर पुढे सरकतो हे खरं, पण ऑपरेटरने त्याच क्षणी बटण दाबलं तर? गाडीवान काटा मारला म्हणतात ते कधीतरी खरंही ठरेल, आणि कुणाच्याही मनात पाप नसताना.

तुम्ही दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच क्यूत घातल्यात. चालू वजन ही ताजी असेल तरच कामाची गोष्ट आहे. मागच्या सेकंदाचं वजन जपून ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि क्यूचा तर स्वभावच जपून ठेवण्याचा. चालू वजनासाठी शेअर्ड मेमरी घ्या. दोन्ही प्रोग्रामना दिसणारी एकच जागा, तिच्यात वजन आणि वेळ, नवं आलं की जुन्यावर लिहायचं. वजन आणि वेळ एकाच दमात बदलले जावेत म्हणून सेमाफोर (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा, नाहीतर वाचणारा नेमका मध्येच डोकावतो आणि नवं वजन जुन्या वेळेसकट उचलतो. डिस्प्लेच्या प्रोग्रामला सांगा की वेळ तीन सेकंदांपेक्षा जुनी असेल तर आकडा न दाखवता नुसत्या रेघा दाखव. रेघा बघून कुणी भांडत नाही, फार तर "बंद पडला काय ओ?" म्हणून विचारतात.

पावती ही मात्र एकही हरवता कामा नये अशी गोष्ट. ती क्यूत योग्य, पण क्यूच्या भरवशावर नको, कारण लाइट गेली की क्यू गेली. बटण दाबल्याबरोबर भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, सगळं आधी डेटाबेसात लिहा. हे काम छपाईपासून तोडून वजनाच्या बाजूच्या प्रोग्रामकडे द्या. लिहून झालं की क्यूत फक्त पावतीचा नंबर टाका, आठ बाइट. त्याच १६,३८४ बाइटांत आता २०४८ पावत्यांचे नंबर मावतात. छपाईचा प्रोग्राम नंबर घेईल, डेटाबेसातून ओळ उचलेल, छापेल आणि छापली म्हणून खूण करेल. सुरू होताना त्याने खूण नसलेल्या पावत्या आधी शोधायच्या. मग क्यू उडाली काय आणि मशीन बंद पडलं काय.

आणि वजनाच्या बाजूने संदेश टाकताना आयपीसी-नोवेट हा फ्लॅग लावायचाच. क्यू भरलेली असेल तर कर्नल झोपवणार नाही, 'ट्राय अगेन'ची एरर देऊन लगेच परत पाठवेल. ती आली की ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत "छपाई अडकली" दाखवा आणि काटा चालू ठेवा. ज्या प्रोग्रामकडे काटा आहे त्याने कशासाठीच झोपायचं नाही. मी लावते त्या काट्यांवर हा नियम आहे, कुणी कितीही म्हणालं "छोटंसं तर काम आहे, याच प्रोग्राममध्ये घालू" तरी.

प्रश्न: स्ट्रक्चरमध्ये वाहन नंबरासाठी कॅरॅक्टर पॉइंटर ठेवला आणि मेसेज क्यूतून पाठवला. पलीकडे वजन बरोबर येतं, पण वाहन नंबर छापताना प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने मरतो. एकाच प्रोग्राममध्ये दोन थ्रेड करून बघितले तर चालतं.
— डिप्लोमा विद्यार्थी, मिरज

उत्तर: चालणारच. दोन थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोसेसमधल्या दोन समांतर कामांची, मेमरी एकच, दोन प्रोसेसची वेगळी. एमएसजी-सेंड करताना कर्नल तुझ्या स्ट्रक्चरमधले बाइट जसेच्या तसे स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो आणि घेणारीला देताना तिच्या बफरमध्ये पुन्हा उतरवतो. पॉइंटर म्हणजे पत्ता. तू वाहन नंबर पाठवलाच नाहीस, तुझ्या प्रोसेसमधला त्याचा पत्ता पाठवलास. त्या पत्त्यावर पलीकडच्या प्रोसेसमध्ये भलतंच काही असतं किंवा काहीच नसतं. पॉइंटर काढून सोळा बाइटचा ॲरे ठेव.

दोनदा उतरवण्याचा हा खर्च खरा आहे, आणि मोठे फोटो वगैरे क्यूतून पाठवू नयेत ते त्यामुळेच. तसंही लिनक्स एका संदेशाला ८१९२ बाइटांच्या वर सहसा जाऊ देत नाही. घेणारी आधीच वाट बघत असेल तर निरोप रांगेत न लावता थेट तिच्या हवाली करण्याचं शहाणपण कर्नलला आहे, पण उतरवून घेणं चुकत नाही.

प्रश्न: सिस्टीम फाइव्ह आणि पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीचं सामायिक मानक) यांतली कोणती क्यू वापरावी? मी पॉझिक्स घेतली. एमक्यू-ओपनला १०० संदेशांची क्यू मागितली तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. इंटरनेटवर बघून मर्यादा १०० केली, तर आता 'टू मेनी ओपन फाइल्स' येतं. फाइल तर एकही उघडलेली नाही!
— नोकरदार वाचक, कराड

उत्तर: आधी एरर सोडवू. पॉझिक्स क्यूत साध्या युजरला १० संदेशांच्या वर क्यू मागता येत नाही, ही पहिली भिंत. ती तुम्ही पाडलीत. दुसरी भिंत अशी, की एका युजरच्या सगळ्या पॉझिक्स क्यू मिळून ८,१९,२०० बाइट एवढीच मुभा असते. तुम्ही संदेशाचा आकार ८१९२ च ठेवला असणार. १०० गुणिले ८१९२ म्हणजे ८,१९,२०० तिथेच झाले, आणि कर्नलला प्रत्येक संदेशामागे स्वतःच्या हिशेबासाठी थोडी जागा लागते. म्हणजे जेमतेम कडेवरून पाय घसरला. एररचं नाव फाइलचं आहे ते निव्वळ दिशाभूल करणारं. संदेशाचा आकार १२८ बाइट द्या, १०० संदेश आरामात बसतील. आणि एमक्यू-रिसीव्हला दिलेला बफर क्यूच्या संदेशाच्या आकाराएवढा तरी हवाच, आलेला संदेश चार बाइटचा असला तरी. कमी दिलात तर 'मेसेज टू लाँग'.

कोणती वापरावी? नवं लिहीत असाल तर पॉझिक्स. हा प्रकार १९९३ च्या रिअल-टाइम पॉझिक्समधून आला आणि लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये २००४ साली, २.६.६ आवृत्तीपासून आहे. लिनक्सवर याचा हँडल म्हणजे फाइल डिस्क्रिप्टरच (उघड्या फाइलचा नंबर) असतो, त्यामुळे सिरियल पोर्ट, सॉकेट आणि क्यू तिन्हींवर एकाच ई-पोलने नजर ठेवता येते. सिस्टीम फाइव्ह क्यूवर हे जमत नाही. तिथे एक तर झोपा, नाहीतर सारखं विचारत बसा, नाहीतर वेगळा थ्रेड लावा. शिवाय डेव्ह फोल्डरातल्या एमक्यूमध्ये तुमची क्यू फाइलसारखी दिसते. कॅट ही कमांड मारली की आत किती बाइट पडलेत ते कळतं. रात्रपाळीच्या माणसाला फोनवरून एवढं सांगता येतं, आयपीसीएसचे रकाने वाचून घेणं कठीण जातं.

जुनं सिस्टीम फाइव्ह चालत असेल तर उगाच उकरू नका. उकरणारच असाल तर एक लक्षात ठेवा, क्रम उलटा आहे. सिस्टीम फाइव्हमध्ये वजा टाइप मागितला की लहान आकडा आधी येतो, पॉझिक्समध्ये मोठ्या प्राधान्याचा आकडा आधी. जुने आकडे तसेच नेलेत तर तातडीचे निरोप सगळ्यात शेवटी निघतील आणि कुठेही एरर येणार नाही.

प्रश्न: काल चाललेला प्रोग्राम आज चालत नाही. दोन्ही प्रोग्राममध्ये एफ-टोकला (फाइल आणि अक्षरावरून क्यूची 'की', म्हणजे ओळखक्रमांक, बनवणारं फंक्शन) तीच फाइल, तेच अक्षर. तरी पाठवणारा एका क्यूत टाकतो आणि घेणारा दुसऱ्याच क्यूवर बसतो!
— विद्यार्थिनी, इस्लामपूर

उत्तर: मध्ये ती फाइल उघडून सेव्ह केलीस का? एफ-टोक फाइलचं नाव बघत नाही, तिचा आयनोड नंबर (डिस्कवर फाइलला मिळालेला क्रमांक) बघतो. बरेच एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. नाव तेच, आयनोड नवा, म्हणून 'की' नवी. आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुन्या क्यूवर, नंतर सुरू केलेला नव्या. ज्या फाइलला कुणी हात लावणार नाही अशी एक रिकामी फाइल फक्त एफ-टोकसाठी ठेव. शिवाय तो आयनोडचे खालचे १६ बिटच घेतो, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींची 'की' एकच निघणंही अशक्य नाही. मी सरळ एक ठरलेला आकडा हेडर फाइलमध्ये लिहिते.

प्रश्न: मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, गोदाम कुपवाडला. सौद्यानंतर वजनं गोदामाच्या कॉम्प्युटरला जावीत म्हणून मुलगा म्हणतो मेसेज क्यू लावू. तुम्ही लिहिता ती हीच का?
— अडत व्यापारी, सांगली

उत्तर: नाही. मी लिहितेय ती क्यू एका मशीनच्या कर्नलच्या पोटात असते, मार्केट यार्डातून कुपवाडला पोचत नाही. मुलगा रॅबिटएमक्यू किंवा काफ्कासारख्या सॉफ्टवेअरबद्दल बोलत असणार. ती नेटवर्कवरून चालतात आणि निरोप डिस्कवर ठेवू शकतात. पण दिवसाकाठी शे-दोनशे वजनांसाठी तेवढा पसारा कशाला? डेटाबेसात एक तक्ता, "पोचलं" असा एक रकाना, आणि दर मिनिटाला न पोचलेलं पाठवणारा एक छोटा प्रोग्राम. मुलाला राग येईल, पण सौद्याच्या गर्दीत हेच टिकेल.

प्रश्न: मेसेज क्यूवरचा तयार प्रोजेक्ट, रिपोर्टसहित, किती रुपयांत मिळेल?
— नाव दिलेलं नाही

उत्तर: मिळणार नाही. वरचं काट्याचं उत्तर वाचून स्वतः केलात आणि अडलात तर वर्कशॉपवर या, चहा पाजून फुकट समजावीन.

प्रश्न: आमच्या कंट्रोलर बोर्डवर फ्री-आरटीओएस (छोट्या बोर्डांसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. मोटर बंद करण्याचा निरोप क्यूत सगळ्यात पुढे घातला, घेणाऱ्या टास्कचं प्राधान्यही सर्वांत वर ठेवलं. तरी कधीकधी निरोप उशिरा पोचतो. निरोप पुढे असताना उशीर का?
— कुपवाड एमआयडीसीतला तंत्रज्ञ

उत्तर: निरोपाचा नंबर पहिला म्हणून सीपीयू लगेच मिळतो असं नाही. घेणाऱ्या टास्कला निरोप उचलून पुढचं काम करायला दुसरं काही लागत असेल, समजा कुणीतरी धरून ठेवलेलं कुलूप, तर ती थांबणार. कुलूप धरणारी टास्क खालच्या प्राधान्याची असेल आणि मधल्या प्राधान्याची तिसरीच टास्क सीपीयू दाबून बसली असेल, तर खालची पुढे सरकत नाही, कुलूप सुटत नाही आणि सगळ्यात वरची ताटकळते.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात हेच झालं. हवामानाची माहिती गोळा करणारी टास्क खालच्या प्राधान्याची. माहिती पुढे देताना ती प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीसाठीच्या पाईपच्या आतलं एक म्यूटेक्स, म्हणजे कुलूप, धरायची. वरच्या प्राधान्याची बस (यानाच्या भागांमधली माहितीची वाहिनी) सांभाळणारी टास्क त्याच म्यूटेक्ससाठी थांबली, मधल्या टास्क चालत राहिल्या, आणि बसचं काम वेळेत झालं नाही हे बघून यानाने स्वतःला रीसेट केलं. असं पुन्हा पुन्हा. गंमत म्हणजे कुलूप कुणी हाताने लावलेलं नव्हतं, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पाईपच्या आतलंच होतं. ती सिस्टीम व्हीएक्सवर्क्स. तिच्यात प्राधान्य उसनं देण्याची सोय होती, म्हणजे वरची टास्क थांबली तर कुलूप धरणारीला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य मिळावं. त्या म्यूटेक्ससाठी ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले.

तुमच्या बोर्डवर बघायचं ते हे: त्या टास्कला लागणारं कुलूप बायनरी सेमाफोर म्हणून बनवलंय की म्यूटेक्स म्हणून? फ्री-आरटीओएसमध्ये म्यूटेक्सला प्राधान्य उसनं मिळतं, बायनरी सेमाफोरला मिळत नाही. सेमाफोर असेल तर तेवढी एक ओळ बदलून बघा. मोटर बंद करण्याचा निरोप इंटरप्टमधून (हार्डवेअरने मध्येच दिलेल्या हाकेवर चालणाऱ्या कोडमधून) टाकत असाल तर फ्रॉम-आयएसआर शेवट असलेलं फंक्शनच वापरा. ते कधी थांबत नाही, क्यू भरलेली असेल तर अपयश कळवून लगेच परततं. ते अपयश तुमचा कोड बघतोय की नाही तेही तपासा. बहुतेकांच्या कोडमध्ये तिथे काहीच लिहिलेलं नसतं. बदल केल्यावर बोर्डचा नंबर आणि क्यूची लांबी लिहून पाठवा, पुढच्या अंकात बघू.